एल निनोचं वर्ष आणि आपला पाऊस: वाचकांचे प्रश्न

हवामान विभागाचा पहिला मोसमी अंदाज एप्रिलमध्ये येतो आणि एल निनोची, म्हणजे प्रशांत महासागराचा विषुववृत्ताजवळचा पट्टा नेहमीपेक्षा तापण्याची, चर्चा घरोघरी सुरू होते. या अंकात ठाणे, नवी मुंबई आणि मुरबाडकडच्या वाचकांचे त्याविषयीचे प्रश्न घेतले आहेत.

प्रशांत महासागर अर्ध्या अंशाने तापला की लगेच दुष्काळाची भाषा सुरू होते. बादलीतल्या पाण्यात अर्धा अंश हाताला कळतही नाही. एवढ्याशा फरकाने इतक्या दूरचा पाऊस कसा बिघडतो? (निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे)

बाई, तुमची बादलीची उपमा धरूनच बोलू, कारण फरक आकाराचाच आहे. ज्या पट्ट्याच्या तापमानावरून एल निनो ठरतो त्याला ‘निनो ३.४’ म्हणतात. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच अक्षांश आणि १७० ते १२० अंश पश्चिम रेखांश, एवढा तो पसरलेला आहे. क्षेत्रफळ साठ लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे भारताच्या जवळपास दुप्पट. त्यात पाणी उष्णता धरून ठेवतं ती हवेच्या कितीतरी पट. एक घनमीटर समुद्राचं पाणी एका अंशाने निवलं, तर त्यातून सुटणारी उष्णता सुमारे साडेतीन हजार घनमीटर हवा एका अंशाने तापवू शकते. आणि तो अर्धा अंश एका दिवसाचा नसतो. तीन-तीन महिन्यांच्या सरासऱ्या काढतात. अशा सलग पाच सरासऱ्या नेहमीपेक्षा निदान ०.५ अंशाने वर राहिल्या तरच एल निनोची नोंद होते. तेवढ्याच खाली राहिल्या तर ला निना.

आता हे इथवर पोचतं कसं ते पाहू. एरवी विषुववृत्तावर व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि वरचं ऊन पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटून ठेवतात. तिथली समुद्रपातळी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते. पेरूच्या किनाऱ्याला मात्र खालचं गार पाणी वर येत राहतं. वारे मंदावले की पश्चिमेला साचलेलं ऊन पाणी पूर्वेकडे पसरतं आणि त्याच्यामागे उंच ढगांचा पट्टाही सरकतो. एका जागी वर चढलेली हवा दुसरीकडे कुठेतरी उतरतेच. एल निनोच्या वर्षी ही उतरण इंडोनेशियापासून भारतापर्यंत येऊ शकते. उतरती हवा ढगांना वाढू देत नाही, आणि आपल्याकडे येणारे नैर्ऋत्य वारेही सैल पडतात.

या पूर्व-पश्चिम चक्राला वॉकर अभिसरण म्हणतात. गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या काळात भारतातल्या वेधशाळांचे महासंचालक होते. १८७७ आणि १८९९चे भीषण दुष्काळ तेव्हा लोकांच्या आठवणीत ताजे होते. इथल्या पावसाचा आगाऊ अंदाज बांधता यावा म्हणून जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी ताडून पाहताना त्यांना प्रशांत महासागरावरचा दाबाचा झोका सापडला: एका बाजूला दाब चढला की दुसऱ्या बाजूला उतरतो. म्हणून एल निनोचं शास्त्र परदेशातून आयात झालं असं कुणी म्हणालं, तर त्याला जरूर सांगा की त्याचा एक पाया आपल्याच दुष्काळांच्या हिशेबात घातला गेला.

२०२३ एल निनोचं वर्ष होतं ना? मग त्या जुलैत आमच्याकडे एवढा पाऊस कसा? दुकानदाराने कोणत्या अंदाजावर विसंबायचं? (किराणा दुकानदार, कळवा)

एल निनोही खरा आणि तुमच्या गल्लीतलं पाणीही खरं. त्या वर्षी मान्सून मुंबई-ठाण्यात २५ जूनला पोचला. नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे दोन आठवडे उशीर. मग जुलैत सांताक्रूझला दीड हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. तिथल्या नोंदींतला तो सर्वांत ओला जुलै. पुढचा ऑगस्ट देशभरात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तूट ३६ टक्के. चार महिन्यांचा देशाचा आकडा सरासरीच्या ९४ टक्क्यांवर थांबला. ‘९४ टक्के’ ऐकून थोडाच कमी पाऊस असं वाटतं, पण त्या एका आकड्यात ठाण्यातला पूर आणि मराठवाड्यातली करपलेली पिकं दोन्ही आहेत.

समुद्राच्या तापमानाचं चक्र सगळ्या हंगामाचा कल ठरवतं. कळव्यात मंगळवारी दुपारी किती पडेल हे ते ठरवत नाही. आपण सह्याद्रीच्या वाऱ्याकडच्या बाजूला राहतो. अरबी समुद्रावरून येणारा वारा जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर सर्वांत जोरात असतो. तो घाटाला अडला की वर चढतो, निवतो आणि ओततो. म्हणून हंगाम दुबळा असला तरी कोकणात पाऊस बऱ्यापैकी होतो. तेच वारे घाट उतरून मराठवाड्यात जातात तेव्हा कोरडे झालेले असतात, आणि एल निनोची खरी झळ तिथे बसते. आपल्याकडच्या एकेका मुसळधार दिवसामागे किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा असतो, आणि कधी त्यात फिरणारे छोटे भोवरे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडले, कुलाब्याला फक्त ७३. त्या वेळी प्रशांत महासागरात ना एल निनो होता ना ला निना.

एल निनोच्या वर्षी आपल्याकडे सांभाळायच्या गोष्टी दोन: सुरुवातीचा उशीर आणि मधली लांबलेली उघडीप. उघडीप किती टिकेल यात आणखी एका चक्राचा हात असतो. त्याला मॅडन-ज्युलियन आंदोलन म्हणतात. ढगांचा एक मोठा पट्टा ३० ते ६० दिवसांत विषुववृत्ताभोवती पूर्वेकडे फिरतो. तो हिंदी महासागरावर असला की आपल्या पावसाला उभारी मिळते. प्रशांत महासागर ओलांडून पलीकडे गेला की ओढ बसते.

म्हणून अंदाजही कामाप्रमाणे निवडावा. एप्रिलचा अंदाज फक्त कानावर असू द्या, कारण मार्च ते मे या महिन्यांत प्रशांत महासागराचं पुढचं वागणं ओळखणं सर्वांत कठीण असतं. मेअखेरचा सुधारित अंदाज जास्त भरवशाचा. पावसाळा सुरू झाल्यावर हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतो. मालाची मोठी खरेदी त्यावर ठरवा, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला पहिल्याइतकं वजन देऊ नका. दुकानातली पोती वर उचलायची की नाही, हे मात्र जिल्ह्याचा पाच दिवसांचा इशारा, तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि भरतीचं कोष्टक एकत्र पाहूनच ठरवा.

हवामान विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, २०४.४पर्यंत अतिजोरदार आणि त्यावर अत्यंत जोरदार. पण ठाण्याच्या खाडीकाठी नुसता हा आकडा पुरत नाही. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला शंभर मिलिमीटर निभावून जातात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती साडेचार मीटरच्या वर गेली असेल, तर दोन तासांत साठ मिलिमीटरही नाल्यातून उलटे येतात, कारण पाण्याला खाडीत उतरायला जागाच नसते. नवी मुंबईतले होल्डिंग पाँड याच कारणासाठी आहेत. भरतीला झडपा मिटतात, पावसाचं पाणी तळ्यात थांबतं आणि ओहोटीला खाडीत जातं. तळ्यात गाळ साचला किंवा झडप कचऱ्याने अडकली की हीच सोय पाणी तुंबवते. कोष्टकातली वेळ अपोलो बंदराची असते. खाडीच्या टोकाशी भरती थोडी उशिरा पोचते, हे लक्षात ठेवून पाणी ओसरण्याचा हिशेब करा.

ला निना म्हणजे हमखास भरपूर पाऊस का? (वाचक, वाशी)

हमखास नाही. २००० साली ला निना असूनही देशाचा पाऊस सरासरीच्या ९२ टक्केच झाला. शक्यता मात्र नक्की वाढते.

इंडियन ओशन डायपोल म्हणजे काय? तो एल निनोला ‘हरवतो’ असं वाचलं. (बारावीची विद्यार्थिनी, ऐरोली)

हिंदी महासागराच्या दोन टोकांच्या तापमानातला फरक म्हणजे हा द्विध्रुव. पश्चिमेचा चौकोन आफ्रिकेकडचा, ५० ते ७० पूर्व रेखांश. पूर्वेचा सुमात्रा-जावाजवळचा, ९० ते ११० पूर्व रेखांश. पश्चिम बाजू नेहमीपेक्षा ऊन आणि पूर्व बाजू गार झाली की द्विध्रुव धन, आणि याच्या उलट झालं की ऋण. धन वर्षी सुमात्राच्या किनाऱ्याशी वारे वरचं पाणी दूर लोटतात, खालचं गार पाणी वर येतं, तिथले ढग विरतात आणि बाष्पाचा ओघ आपल्या बाजूला वळतो. हे चक्र शास्त्रज्ञांनी १९९९ साली ओळखून मांडलं, म्हणजे तुझ्या पाठ्यपुस्तकांच्या मानाने अगदी अलीकडची गोष्ट.

‘हरवतो’ हा शब्द १९९७मुळे रूढ झाला असावा. त्या वर्षी विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रबळ एल निनोंपैकी एक होता. तरी देशाचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला, कारण द्विध्रुव जोरात धन होता. उलट २००२चा एल निनो मध्यमच होता, पण द्विध्रुवाची साथ नव्हती. जुलै निम्म्याहून अधिक कोरडा गेला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर थांबला. २०१९ला फार मोठा धन द्विध्रुव होता. जून तुटीत जाऊनही हंगाम ११० टक्क्यांवर संपला. या कोड्यावर सुलोचना गाडगीळ यांनी केलेलं काम तू जरूर शोधून वाच. विषुववृत्तीय हिंदी महासागरावर ढग पश्चिमेला जमतात की पूर्वेला, हे प्रशांत महासागराबरोबर जोडीने पाहिलं तर आपली अतिवृष्टीची आणि दुष्काळाची वर्षं बरीच उलगडतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं.

एक मर्यादा ध्यानात ठेव. द्विध्रुव भर धरतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्याची मदत आली तरी हंगामाच्या उत्तरार्धात येते. गेलेला जून तो परत आणत नाही.

एल निनोचा अंदाज आला की सोसायटीत पाणीकपातीची धास्ती. ४० सदनिका आहेत. काय तयारी ठेवावी? (सोसायटीचे सचिव, नेरुळ)

सचिवसाहेब, तुमचं पाणी मोरबे धरणातून येतं. ते खालापूर तालुक्यात, घाटाच्या पायथ्याला आहे, त्यामुळे दुबळ्या हंगामातही जुलै-ऑगस्टात तिथे बरंच पाणी येतं. पूर्ण भरण्याची पातळी ८८ मीटर. धोका बेरजेपेक्षा वेळेचा जास्त आहे. साठा सर्वांत कमी असतो तो जूनअखेर, आणि नेमका तेव्हाच पाऊस दोन-तीन आठवडे लांबला की कपात लागते. म्हणून १५ जूनच्या सुमारास धरणाची पातळी पाहा आणि मागच्या वर्षीच्या त्याच तारखेशी ताडा.

हिशेब असा. ४० सदनिका, घरटी चार माणसं, माणशी रोज १३५ लिटर, म्हणजे २१,६०० लिटर. १५ टक्के कपात झाली तर रोज ३,२४० लिटर कमी पडतात. टँकरचा विचार करण्याआधी फ्लशच्या टाक्या मोजा. जुनी टाकी एका वेळी १० लिटर सोडते. ६ लिटरची बसवली तर १६० माणसं दिवसाला पाच वेळा धरून ३,२०० लिटर वाचतात. जवळजवळ सगळी कपात तिथेच भरून निघते. जुन्याच टाकीत विटा टाकून पाणी कमी करू नका. भांडं जुनं असेल तर एकदा ओतून साफ होत नाही, दोनदा ओतावं लागतं आणि खर्च वाढतो. शिवाय विटेची माती झडपेत अडकून टाकी गळायला लागते.

गच्चीवरचं पाणी धरणं चांगलंच, पण जूनच्या कपातीवर तो उपाय नाही, कारण त्या दिवसांत पाऊसच नसतो. त्याचा उपयोग जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत. ४०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की, १५ टक्के वाया धरून, ३,४०० लिटर मिळतात. पहिल्या पावसाचे दोनेक मिलिमीटर, म्हणजे सुमारे ८०० लिटर, सोडूनच द्या. वर्षभराची धूळ आणि कबुतरांची घाण त्यात असते. हे पाणी फ्लशला आणि बागेला वापरा, प्यायच्या टाकीत मिसळू नका.

गच्चीवर पत्र्याची शेड आहे. समुद्र तापल्यामुळे वादळं वाढलीत म्हणतात. पत्रे टिकतील का? (वाचक, घणसोली)

मे महिन्यात अरबी समुद्राचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं, आणि चक्रीवादळाला साधारण साडेसव्वीस अंश पुरतात. जुलै-ऑगस्टात पाणी ऊन असलं तरी मान्सूनचे वारे खाली एका दिशेने आणि वर उंचावर उलट दिशेने वाहतात, त्यामुळे वादळाची बांधणी होऊ शकत नाही. धोक्याचा काळ मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. १७ मे २०२१ला तौक्ते वादळ समुद्रातून दूरवरून गेलं, तरी कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरच्या वर झोत नोंदले गेले. त्याआधी ३ जून २०२०ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. २०१९च्या धन द्विध्रुवाच्या वर्षी तर एकट्या अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. पावसाळ्यातल्या ताशी ६० किलोमीटरच्या झोताला चौरस मीटरला सुमारे १७ किलो दाब येतो. ताशी १०८ला तो ५५ किलो होतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला पाचेक किलोच. म्हणजे तीन बाय एक मीटरचा १५ किलोचा पत्रा वादळात दीडशे किलोहून अधिक जोराने वर उचलला जातो, आणि कडेला व कोपऱ्यात ओढ त्याहूनही जास्त असते. म्हणून पत्रा कोपऱ्यातून सुटायला सुरुवात होते. मधले हुक ६० सेंटिमीटरवर असतील, तर कडेचे ३० सेंटिमीटरवर घ्या. गंजलेले जे-हुक आणि कडक झालेले रबरी वॉशर मेच्या पहिल्या पंधरवड्यात बदला. वॉशर गेला की भोक मोठं होतं आणि हुक शाबूत असूनही पत्रा त्याच्यावरून फाटून निघतो. शेडचे खांब स्लॅबला बांधलेले हवेत, कठड्याच्या विटांना नव्हे. आणि पत्र्यावर विटा, जुने टायर, फरशा ठेवलेल्या असतील तर आजच खाली उतरवा. त्या पत्र्याला थोपवत नाहीत, वारा आला की त्याच खाली रस्त्यावर पडतात.

आम्ही मृगावर पेरतो. एल निनो मानायचा की नक्षत्र? (भातशेतकरी, मुरबाड)

दादा, नक्षत्र म्हणजे सूर्याची आकाशातली जागा. मृग लागतो ७-८ जूनला, दर वर्षी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावसाची सरासरी वेळ त्यात बांधलेली आहे आणि ती आजही कोकणातल्या मान्सूनच्या तारखेशी जुळते. पण नक्षत्र सरासरी सांगतं, यंदाचं सांगत नाही. यंदाचं सांगायचं काम समुद्राचं.

जूनच्या आरंभी अरबी समुद्रात वादळ उठलं तर जास्त जपा. २०१९ला वायू आणि २०२३ला बिपरजॉय वादळाने बाष्प स्वतःकडे ओढून नेलं, आणि दोन्ही वर्षी मान्सून आपल्याकडे २५ जूनला पोचला. एखादी वळवाची सर आली म्हणून धूळवाफेवर, म्हणजे कोरड्या मातीत, सगळं बी टाकू नका. एकूण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस मुरल्यावर पेरा. एल निनोचा अंदाज असेल तर रोपवाटिका दोन हप्त्यांत करा, दहा-बारा दिवसांच्या अंतराने. लावणीला २१ ते २५ दिवसांचं रोप चांगलं. पाऊस लांबला आणि रोप ४० दिवसांचं झालं तर फुटवे कमी येतात. दुसऱ्या हप्त्याचं रोप तेव्हा कामाला येतं. उंचवट्याच्या खाचरांत हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, वाण घ्या. सप्टेंबरात पाऊस लवकर आटोपला तर उशिरा तयार होणारं गरवं वाण नेमकं दाणा भरताना कोरडं पडतं.

घरी पर्जन्यमापक करायचा आहे. नातवाबरोबर रोजची नोंद ठेवायची. (आजोबा, कोपरी, ठाणे)

आजोबा, सरळ उभ्या कडांचं कुठलंही भांडं आणि मोजपट्टी एवढ्यावर भागतं. आत साचलेल्या पाण्याची उंची हाच पाऊस. बाटली आणि नरसाळं वापरणार असाल तर नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास मोजा. १० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर, आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ७.८५ मिलिलिटर पाणी. औषधाच्या मापाने मोजून ७.८५ने भागा. बाटलीच्या बुडाचा व्यास धरून हिशेब केला की आकडा चुकतो. ही चूक फार जण करतात.

मापक मोकळ्या जागी ठेवा, भांड्याचा काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर. शेजारच्या भिंतीच्या वा झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर असू द्या. गच्चीवर कठड्यालगत ठेवला तर वाऱ्याच्या भोवऱ्याने थेंब उडून जातात आणि पाऊस कमी दिसतो. गॅलरीत तर ठेवूच नका. नोंद रोज सकाळी साडेआठला घ्या. वेधशाळेचा दिवस तिथे संपतो, म्हणजे तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी ताडता येईल. २.५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तो पावसाचा दिवस धरा. वहीत पावसाशेजारी वाऱ्याची दिशा आणि उधाण-भांग याचाही रकाना नातवाला आखायला सांगा.

आणि दोन लिटरची बाटली असेल तर रेड अलर्टच्या दिवशी रात्री झोपण्यापूर्वी एकदा मोजून रिकामी करा. ती २५४ मिलिमीटरला काठोकाठ भरते, त्यापुढचा पाऊस ओसंडून जातो आणि मोठ्यात मोठ्या दिवसाची नोंद हुकते.